डोलणाऱ्या पिल्लाचा एक्स-रे: खुलासा

मुंबईतल्या मांजरप्रेमींच्या ग्रुपांवर फिरतंय: ‘पिल्लू डोलत चालत असेल तर डोक्याचा एक्स-रे काढा, मेंदूतला दोष दिसतो.’ नाही दिसत. एक्स-रेत कवटी दिसते. सीटीत मेंदूत साठलेलं पाणी कळतं, पण तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूभोवती जाड हाड असल्याने नेमके तिथेच चित्रावर पट्टे उमटतात. तो खुजा आहे का, हे एमआरआय सर्वांत नीट दाखवतो. त्याला पूर्ण भूल लागते. मात्र पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर घसरते. डोक्यावरची टाळू भरली नसेल तर साठलेलं पाणी पाहायला सोनोग्राफीही चालते.

चालायला लागल्यापासून डोलणारं, पण खाणारं-खेळणारं पिल्लू बहुधा आईच्या पोटातच पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराच्या विषाणूने गाठलेलं, त्यामुळे लहान मेंदू खुजा राहिलेलं असतं. तिथे स्कॅनची घाई कशाला? डोलणं वाढत असेल, ताप किंवा झटके असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.