आग्रा रोड, ब्रिग्ज आणि ओट्याची दीड पायरी

नमस्कार,

धुळ्याच्या गल्ल्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक देवपूरकर’ या नावानं जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की यातलं निम्मं तरी बरोबर आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. धुळ्याच्या गल्ल्यांची आखणी विश्वेश्वरय्यांनी केली हे शाळकरी पोरालाही माहीत असताना मी ते श्रेय एका इंग्रजाला देऊन टाकलं. गल्ल्यांचे गोडवे गाताना तिथल्या उघड्या गटारी विसरलो, आणि त्या सरळ गल्ल्या कोणाच्या वाट्याला आल्या हे विचारलंच नाही. आणि स्वतः पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात कॉलनीत राहून कॉलन्यांना नावं ठेवतो. शेवटी विचारलंत, “एवढंच प्रेम असेल तर गल्लीत परत राहायला जाणार का?”

आधी विश्वेश्वरय्या. ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकत आलोय, वर्गात सांगितलेली, मोठ्या अभिमानानं. पण तारखा मांडून बघा. विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 चा. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून ते लागले 1884 साली. नाशिक-खानदेशात त्यांनी काम केलं, पांझरेच्या खोऱ्यात एका पाटासाठी नळाचा सायफन (वाटेतल्या अडथळ्याखालून पाणी पलीकडे नेणारा नळ) बांधला, ते पाणी आपलंच. त्यांचं धुळ्याशी नातं आहेच, त्यात वाद नाही. पण खानदेशचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, छापलं गेलं 1880 ला, म्हणजे ते इकडे येण्याच्या चार वर्षं आधी, आणि त्यात नव्या धुळ्याची वसाहत कशी झाली ते सगळं आलेलं आहे. माणूस यायच्या आधी त्याची गल्ली कशी येईल?

पेशवाई 1818 ला बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांतल्या लुटालुटीनं आणि 1803 च्या दुष्काळानं गावंच्या गावं ओस पडली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला पोलिटिकल एजंट, म्हणजे इंग्रजांचा इथला मुख्य अधिकारी. मुख्य ठाण्यासाठी त्यानं धुळे निवडलं, कारण एक तर ते खानदेशाच्या साधारण मध्यावर, आणि दुसरं म्हणजे मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवर. 1819 ला गावात घरं 401 आणि माणसं 2509. एकीकडे नदी, दुसरीकडे पाट, मध्ये चिमटीत धरल्यासारखं गाव, भोवती बागायत. ब्रिग्जनं लांबलांबून कारागीर आणवले, कचेऱ्या बांधल्या, आणि येईल त्या व्यापाऱ्याला घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली. वर बांधायला उचलही दिली. आजच्या भाषेत ही एक स्कीम होती म्हणा ना. त्यातून आग्रा रोड आणि त्याला समांतर गल्ल्या उभ्या राहिल्या. ज्यांना नावंसुद्धा ठेवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. गल्ली नंबर दोन, गल्ली नंबर चार. बस्स.

आता ब्रिग्ज काही धुळेकरांच्या प्रेमापोटी हे करत नव्हता. त्याला महसूल हवा होता, आणि महसुलासाठी बाजार. ते मी लेखात लिहायला हवं होतं, राहिलं. गावाबाहेर कोणाला ढकललं गेलं, नदीच्या कडेला खोलगट जागेत कोण राहिलं, याबद्दलही मी अवाक्षर काढलं नाही. 1872 च्या पुरात पांझरेनं शेकडो घरं नेली, ती कुठली असतील हे सांगायला इतिहासकार लागत नाही. सरळ गल्ल्या कोणाच्या वाट्याला आल्या आणि कोणाच्या नाही, हा तुमचा मुद्दा मान्य.

गटारींचंही मान्य. माझं बालपण गल्लीतच गेलं. उन्हाळ्यात दुपारी त्या गटारीला जो वास यायचा तो मी विसरलेलो नाही. लिहिताना मात्र वास येत नसतो, हा लेखकांचा फायदा आहे.

आणखी एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. “सगळ्या गल्ल्या एका मापाच्या” असं मी लिहिलं होतं. मागच्या रविवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आत, पावलं मोजत फिरून आलो. एके ठिकाणी चौदा पावलं भरली, दुसरीकडे जेमतेम नऊ. ओटे किती पुढे आलेत, पत्रे किती, जिने किती, त्यावर सगळं अवलंबून. एक दूधवाला विचारू लागला, “काय दादा, मोजणी आली का?” त्याला वाटलं अतिक्रमणवाले.

तर मग कॉलन्यांबद्दल माझी तक्रार नेमकी काय? तुम्ही तिचा अर्थ “जुनं ते सोनं” असा घेतलात. कदाचित मीच नीट लिहिलं नसेल. माझी तक्रार जोडण्याबद्दल आहे.

गल्लीत तुम्ही कुठूनही शिरा, कुठून तरी बाहेर पडता. चार नंबरमधून पाचात जायला दर थोड्या अंतरावर आडवा बोळ. सायकल असो, लोटगाडी असो, नाहीतर मढं असो, वाट अडत नाही. हे कशामुळे? आधी रस्ता आखला, मग घरं आली.

देवपुरात उलटं झालं. 1970-80 नंतर वाडीभोकर रोड, नकाणे रोड, तिकडे साक्री रोड, सगळीकडे शेतं विकली गेली. एकेका शेतकऱ्याचा एकेक सर्व्हे नंबर. तो बिनशेती करायचा, त्याचा लेआउट पाडायचा, आत नऊ मीटरचा रस्ता, दहा टक्के ओपन स्पेस, आणि प्लॉट. कागदावर सगळं नियमात. पण आतला रस्ता बांधापर्यंत येऊन थांबतो. बांधापलीकडचं शेत दुसऱ्याचं, त्याचा लेआउट आठ वर्षांनी पडतो, आणि त्याचे रस्ते निघतात वेगळ्याच दिशेला, कारण त्याला प्लॉट जास्त बसवायचेत. मधे एखादा नाला. शहराच्या विकास आराखड्यात दोन्ही जोडणारा रस्ता लाल रेघेनं काढलेला असतोही, पण त्या रेघेखालची जमीन ताब्यात घ्यायची कोणी, मोबदला द्यायचा कोणी? रेघ रेघच राहते. आणि जिथे बिनशेतीही न करता गुंठ्या-दोन गुंठ्यांनी विक्री झाली तिथलं तर विचारूच नका. 2001 ला गुंठेवारीचा कायदा आला, घरं कायदेशीर होण्याची सोय झाली, पण रस्ता रुंद करायची जागा तोवर भिंतींत चिणली गेली होती.

आमच्याच कॉलनीचं सांगतो. माझ्या घराच्या गच्चीवरून माझ्या मावसभावाची गच्ची दिसते. वाळत घातलेली त्याची लुंगी ओळखू येते इतकी जवळ. पण त्याच्याकडे जायचं तर मी आधी मेन रोडला येतो, दोन वळणं घेतो, पुन्हा आत शिरतो. सव्वा किलोमीटर. मधे फक्त एक कंपाउंडची भिंत आहे. दिवाळीचा फराळ आम्ही त्या भिंतीवरून देतो.

हसण्यावारी नेता येईल असं हे वाटतं खरं. पण तीन वर्षांपूर्वी शेजारच्या काकांना रात्री छातीत कळ आली. अॅम्ब्युलन्स निघाली, आणि वीस मिनिटं आसपास फिरत राहिली. कॉलनीचं नाव देवाचं, त्याच देवाच्या नावाच्या आणखी दोन कॉलन्या त्याच परिसरात, आणि प्लॉट नंबर सतरा तिन्हीकडे. शेवटी त्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन चौफुलीवर गेला आणि पुढे राहून गाडी घेऊन आला. काका वाचले. त्या रात्री मला पहिल्यांदा ‘गल्ली नंबर चार’ या रुक्ष नावाची किंमत कळली. चार नंबर गावात एकच असतो.

तुम्ही लिहिलंत की कॉलन्यांनी मध्यमवर्गाला स्वतःचं घर दिलं, हवा दिली, अंगण दिलं. खरं आहे. माझ्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंड काढून इथे प्लॉट घेतला तेव्हा आजी मात्र नाराज होती. नदीपलीकडे राहणं म्हणजे तिला गाव सोडल्यासारखंच. पूल ओलांडून बाजाराला निघाली की म्हणायची, “मी गावमा जाई राहिनू.” आईही अजून “गावात जाऊन येते” असंच म्हणते. देवपूर शहराच्या हद्दीत, शहर महानगरपालिका होऊनही 2003 पासून किती वर्षं झाली, 2018 च्या हद्दवाढीत वलवाडी-महिंदळे सुद्धा आत आली, तरी आमच्या घरात गाव म्हणजे पांझरेच्या त्या बाजूचंच.

आणि आग्रा रोडचं काय झालं म्हणता? आता आग्र्याला जायचं असेल तर आग्रा रोडनं कोणी जात नाही. ट्रक शहराबाहेरून बायपासनं जातात. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडचा, असे तीन हमरस्ते या शहराला येऊन मिळतात, त्यांचे नंबर बदलून 60, 53, 52 झालेत, आणि शहरातला जुना मूळ रस्ता उरलाय कपडे, चपला आणि लोटगाड्यांसाठी. दिवाळीत तिथे चालायलाही धक्के खावे लागतात. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. बाजार व्हावा म्हणूनच तर ब्रिग्जनं तो सारा खटाटोप केला होता.

नदीकाठच्या नव्या रस्त्यांबद्दल तुम्ही उत्साहानं लिहिलंय. पांझरेच्या दोन्ही काठांनी ते झाले आणि देवपुरातून येणं-जाणं सोपं झालं, हे मीही रोज अनुभवतो. फक्त ऑगस्ट 2019 ला अक्कलपाडा धरणातून पाणी सुटलं तेव्हा नदीनं आपली जागा मागितली होती, तेही आपण दोघांनी पुलाच्या कठड्याला उभं राहून पाहिलंच असेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, मी गल्लीत राहायला जाणार नाही. गल्लीतल्या आमच्या वाड्याचे आज अकरा हिस्सेदार आहेत, त्यातले दोन पुण्यात, एक सुरतेत, आणि खालच्या खोलीत भाडेकरूची तिसरी पिढी. चारचाकी लावायला जागा नाही. पण दर दोन-तीन महिन्यांनी चक्कर असते. आजोबांच्या काळात आमच्या ओट्याला चार पायऱ्या होत्या, त्यातल्या दुसऱ्या पायरीवर बसून मी पेप्सीकोला खायचो. रस्ता दर वेळी जुना न खरवडता वरून नवा थर टाकून केला गेला. आधी डांबर, मग काँक्रीट, मग पाइपलाइनसाठी खोदून परत काँक्रीट. आता दीड पायरी शिल्लक आहे. यंदा जुलैत पाणी उंबऱ्याच्या आत आलं, तेव्हा भाडेकरूनं दाराशी विटांचा एक थर लावून घेतला. आम्हा हिस्सेदारांना त्यानं फोटो पाठवलाय आणि विटा-सिमेंटचे पैसे भाड्यातून कापून घेऊ का असं विचारलंय. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. आज मी देतो.