धोंडीला शाळेत न्यावे, पण विहिरीच्या वाटेने

पाऊस लांबला की मराठवाड्यात, नगरकडे एखादा पोरगा अंगाला कडुलिंबाचा पाला गुंडाळून, काठीला बेडूक बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरतो आणि बायका त्याच्या अंगावर पाणी ओततात. मुलांना पाण्याचे महत्त्व शिकवण्यासाठी ही प्रथा शाळेच्या नाटकात आणावी की अंधश्रद्धा म्हणून दूर ठेवावी, हा वाद इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये बसून ऐकताना एक गोष्ट खटकते : दोन्ही बाजू आभाळाबद्दल बोलतात, गावच्या विहिरीबद्दल कोणीच बोलत नाही.

इथल्या अनेक गावांत उन्हाळ्यात विहिरी आणि झरे सजवतात. भिजवलेल्या लाकडी फळ्यांवर चिकणमाती थापून तीत पाकळ्या, पाने, बिया दाबत चित्र उभे करतात. पाकळ्या खालून वर, कौलांसारख्या एकमेकींवर चढवतात, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून जाते. टिसिंग्टनमध्ये तर एक विहीर मुलांच्याच नावाने ओळखली जाते. पाद्री आशीर्वाद देतात, पण कित्येक दिवसांचे खरे काम गावकऱ्यांचे असते. यूलग्रेव्हमध्ये ही प्रथा १८२९ साली गावात नळातून पाणी आले त्या आनंदातून रुजली आणि तिथली पाणीयोजना आजही गावाच्याच हाती आहे. म्हणजे सण ज्याचा, त्या पाण्याचा हिशेबही तिथेच.

अर्थात ही कृतज्ञता आहे, धोंडी ही याचना आहे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथल्या मुलाला पाकळ्यांचा हा निवांतपणा शिकवणे क्रूरपणाच ठरेल.

नक्कल नकोच, कारण धोंडीत नाट्य मुळातच आहे : मागणारा, देणारी, न उघडणारे दार. बेडकाला मात्र सोडून द्यावे, त्याचे सोंग घ्यायला वर्गातली निम्मी मुले तयार होतील. पाला गरिबाघरच्याच पोराच्या वाट्याला येऊ नये, पाळी लावावी. आणि धोंडीने पाणी मागण्याआधी प्रत्येक दारी विचारावे की हे पाणी कुठले, बोअर किती फूट खोल, टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो. हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. तसा ताळेबंद नाटकाच्या अखेरीस मुलांनी गावासमोर वाचावा. उसाच्या बागायतदाराला तो रुचणार नाही, आणि बहुधा शाळेच्या व्यवस्थापन समितीतही तोच बसलेला असेल. म्हणूनच हा प्रयोग स्नेहसंमेलनात नव्हे, ग्रामसभेच्या दिवशी व्हायला हवा.