गोमुखाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘गंगोत्री हिमनदी २०३५ पर्यंत पूर्ण वितळणार, गोमुख पाहण्याची ही शेवटची संधी’ असा संदेश ठाण्यातील गिर्यारोहकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे; गेल्या आठवड्यात तो मीही शहानिशा न करता पुढे पाठवला, ही माझी चूक. हिमालयातील हिमनद्यांसंबंधी २०३५ हे साल संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात आले होते. मात्र त्या विधानाला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, हे त्याच समितीने जानेवारी २०१० मध्ये जाहीरपणे मान्य केले.

हिमनदी आक्रसते आहे, हे खरेच. १९३५ पासूनच्या मोजण्यांनुसार तिचे मुख, म्हणजेच गोमुख, वर्षाला सरासरी सुमारे २० मीटर मागे सरकत आले आहे. पण तिची लांबी सुमारे ३० किलोमीटर आहे, तेव्हा हिशेब कोणीही मांडून पाहावा.

जाणाऱ्यांनी घाई करू नये. गोमुखाची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते, तिथे परवाना लागतो आणि सुमारे ४००० मीटर उंचीवरील विरळ हवेचा त्रास ठाण्याजवळच्या येऊरच्या टेकड्यांवर सराव केलेल्यांनाही होऊ शकतो.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये; पाठवला असल्यास हा खुलासा त्याच गटात टाकावा.