उपकेंद्र बदलताना रुग्णालयाची वीज जात नाही

माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात डायलिसिसची एक पाळी चुकवली, ती कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेल्या एका संदेशामुळे. ती जाते त्या रुग्णालयात जुने उच्चदाब उपकेंद्र, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेचा दाब उतरवून ती इमारतीत वाटणारी यंत्रणा, बदलण्याचे काम चालू आहे. संदेश सांगतो की, काम संपेपर्यंत रुग्णालयात वीज नसेल; व्हेंटिलेटर आणि डायलिसिसची यंत्रे मध्येच बंद पडतील, म्हणून रुग्णांना घरी ठेवा; जनरेटर असताना नवे उपकेंद्र हवेच कशाला; २२ केव्हीच्या (२२ हजार व्होल्टच्या) नव्या वाहिनीमुळे यंत्रे जळतील आणि पेसमेकर बिघडतील; हा सारा कंत्राटदारांचा डाव आहे. रुग्णालयांच्या वीजयंत्रणेचे काम मी स्वतः करतो, आणि हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

सर्वांत घातक सल्ला ‘घरी ठेवा’ हाच आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या शरीरात पाळी चुकली की पाणी आणि पोटॅशियम साचत जाते, आणि वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवते. याउलट डायलिसिस चालू असताना वीज गेलीच, तर यंत्रातील बॅटरीवर रक्ताचा पंप काही वेळ चालू राहतो, आणि तीही दगा देईल तर परिचारिका हाताने पंप फिरवून रक्त रुग्णाच्या शरीरात परत सोडू शकते. एक गोष्ट मान्य करावी लागेल : डायलिसिसला लागणारे शुद्ध पाणी पुरवणारा आरओ संयंत्राचा पंप बहुधा यूपीएसवर, म्हणजे वीज जाताच बॅटरीतून पुरवठा चालू ठेवणाऱ्या यंत्रावर, नसतो, त्यामुळे त्या विभागाची जोडणी बदलण्याच्या दिवशी पाळ्यांच्या वेळा खरोखरच मागेपुढे कराव्या लागतात. पण वेळ बदलून घेणे वेगळे आणि पाळीच सोडून देणे वेगळे.

आता ‘वीज नसेल’ या दाव्याकडे येऊ. जुने उपकेंद्र काढून मग नवे बसवायचे, असे कोणी करत नाही. जुने चालू असतानाच शेजारी नवे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि नवे पॅनेल उभे राहते, केबलची उच्चदाब चाचणी होते, विद्युत निरीक्षकांची मंजुरी मिळाल्यावर त्यात वीज सोडली जाते, आणि त्यानंतर एकेक फीडर (एकेका विभागाला वीज नेणारी जोडणी) जुन्या पॅनेलवरून नव्यावर नेला जातो. खंड पडतो तो त्या एका फीडरला, तोही आधी ठरवलेल्या वेळी, नियोजित शस्त्रक्रिया नसताना. त्या काळात तेथील अत्यावश्यक भार यूपीएस आणि जनरेटरवर असतो, आणि नवी जोडणी भार पेलते आहे याची खात्री होईपर्यंत जुनी केबल कापली जात नाही. आयईसी ६०३६४-७-७१० हे वैद्यकीय जागांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक पाहा. मुख्य पुरवठा गेल्यास शस्त्रक्रियेच्या टेबलावरील दिव्याला अर्ध्या सेकंदात आणि इतर अत्यावश्यक यंत्रणेला १५ सेकंदांत पर्यायी वीज मिळाली पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे पुरवठा कधीतरी जाणार हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभारलेली असते. या कामात मला खरी धास्ती वाटते ती फेज क्रमाची, म्हणजे विजेच्या तीन तारा कोणत्या क्रमाने जोडल्या त्याची, कारण तो उलटा जोडला गेला तर पंप आणि पंखे उलटे फिरतात, आणि वैद्यकीय व्हॅक्यूमचा पंप त्यांतलाच एक आहे. म्हणूनच फीडर चालू करण्याआधी फेज क्रम मोजणे आम्ही कधीही टाळत नाही. संदेश लिहिणाऱ्याला या धोक्याचा पत्ताही नाही.

‘जनरेटर आहे ना’ असे म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा. त्या दिवशी मुंबई महानगरात सकाळी वीज गेली, आणि संध्याकाळी मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात जनरेटरलाच आग लागून रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. जनरेटर तात्पुरत्या आधारासाठी असतो आणि अनेक ठिकाणी तो फक्त अत्यावश्यक भारच पेलू शकतो. जीर्ण उपकेंद्र अवेळी बंद पडले, तर बिघाड सापडून दुरुस्त होईपर्यंत रुग्णालय त्या एका यंत्राच्या भरवशावर राहते. त्यापेक्षा दोन रोहित्रे आणि त्यांच्यामध्ये बस कपलर (दोन्ही बाजू जोडणारा स्विच) असणे किती तरी सुरक्षित, कारण मग एक रोहित्र दुरुस्तीला काढले तरी दुसरे महत्त्वाचा भार उचलते.

२२ केव्हीने यंत्रे जळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण हा दाब रोहित्रापाशीच उतरवला जातो आणि वॉर्डातल्या सॉकेटला पूर्वीप्रमाणेच २३० व्होल्ट मिळतात. पेसमेकरचे भयही असेच निराधार आहे : तिन्ही फेजचे प्रवाह एकाच केबलमधून जात असल्याने त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बरीचशी रद्द करतात, उरलेले अंतराबरोबर झपाट्याने घटते, आणि उपकेंद्राच्या खोलीत रुग्णाला प्रवेशच नसतो.

कंत्राटाबद्दल शंका घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि ती जरूर घ्यावी. निविदा मागवली होती का, केबल आणि रोहित्राच्या चाचण्यांचे अहवाल कुठे आहेत, जनरेटरची प्रत्यक्ष भारावर चाचणी केव्हा झाली, आणि आपल्या रुग्णाच्या विभागाची जोडणी कोणत्या तारखेला, किती वाजता बदलणार आहे, हे रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला विचारावे. ती तारीख डायलिसिसच्या दिवशी येत असेल, तर पर्यायी वेळ त्याच वेळी लिहून घ्यावी.