'कान सरावतो' हे धादांत खोटं आहे

"जुन्या नेमबाजाचा अनुभव, मुलांपर्यंत पोचवा" अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या परभणी, नांदेड, लातूरकडच्या शूटिंगच्या ग्रुपांवर फिरायलाय. त्यात म्हटलंय की कानात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा पुरे. पॉइंट टू-टू (०.२२ इंच नळीच्या) रायफलीचा आवाज किरकोळ, तिला काहीच लागत नाही. सुरुवातीला कान वाजतात, दोन महिन्यांत सरावतात. मफ (कानांवर बसवायचे, आवाज अडवणारे कप) लावले की रेंजवरचे हुकूम ऐकू येत नाहीत, म्हणजे धोका मफचाच. आणि घ्यायचंच झालं तर पाकिटावर ३३ आकडा असलेले प्लग (कानात घालायचे फोमचे बोळे) घ्या, बाकी काही बघू नका.

दाजींनी हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "मग पोरीला मफ कशाला घ्यायचे?" भाची नुकतीच एअर रायफलवरून पॉइंट टू-टूवर आली आहे. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी सगळ्यात घातक मुद्दा, सरावाचा. फायरिंग झाल्यावर कान बधिर होतात, आत बारीक शिट्टी वाजत राहते, समोरचा बोलतो ते पोत्यातून आल्यासारखं वाटतं. सकाळी उठल्यावर बरं वाटतं. मेसेजवाला याला कान तयार होणं म्हणतो. ही इजा आहे. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी असतात, एका कानात सुमारे १५ हजार. गारपिटीत मोडलेलं ज्वारीचं ताट परत उभं राहत नाही, तशी मेलेली केसपेशी माणसात परत येत नाही. दुसऱ्या दिवशी ऐकू आलं म्हणजे सगळं भरून निघालं असंही नाही. २००९ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातल्या निम्म्याच्या आसपास जोडण्या कायमच्या गेल्या होत्या.

मोठा आवाज झाला की कानातला एक छोटा स्नायू आवळतो, हे खरं. पण त्याला आवळायला काही मिलिसेकंद लागतात आणि तोवर गोळीचा धक्का आत पोचलेला असतो. मग दोन महिन्यांनी त्रास कमी का वाटतो? कारण ऐकणंच कमी झालेलं असतं. पहिल्यांदा ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचे बारीक स्वर जातात. 'स', 'श', 'फ' अशी अक्षरं निसटायला लागतात, आणि पोरगी लक्ष देत नाही म्हणून आपण तिलाच रागावतो. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान बहुधा जास्त बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो.

कापसाचं थोडक्यात. पिकवतो आपणच, तेव्हा तो किती भुसभुशीत असतो हे सांगायला नको. ज्यातून हवा जाते त्यातून आवाजही जातो. वर तेल घातलं आणि पडद्याला भोक असेल, तर संसर्ग ओढवून घ्याल.

पॉइंट टू-टू किरकोळ? अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी 'नायॉश' ही सरकारी संस्था आहे. तिने अशा धमाक्यासाठी १४० डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली आहे. पॉइंट टू-टू रायफल त्याच्याच आसपास जाते. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून आवाज आणखी चढा. बारा बोअरची बंदूक तर १५० च्या वर. शिवाय पत्र्याखालच्या रेंजवर शेजारच्या लेनचाही आवाज आदळतो. दहा मीटर एअर रायफलीपुरतं मेसेजवाल्याचं म्हणणं मान्य करतो, ती इथवर पोचत नाही.

हुकूम ऐकू येत नाहीत, हेही अर्धं खरं आहे. पण उपाय कान उघडे ठेवणं नव्हे. सरावासाठी इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात. ते बोलणं आत सोडतात आणि धमाका अडवतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र खेळाडूला ते चालत नाहीत, त्यामुळे साध्या मफचीही सवय हवी. गाणी ऐकायचे इयरबड यातलं काहीच नाहीत.

३३ हा आकडा आवाज किती डेसिबलने कमी होतो त्याचा, पण तो प्रयोगशाळेतला. फोमच्या प्लगसाठी तो निम्मा धरा, मफसाठी पाव भाग वजा करा, असं नायॉशनेच १९९८ साली सांगितलं होतं. गोळीबारासाठी प्लग आणि वरून मफ, दोन्ही लावा, हेही तिचंच म्हणणं. दोघांचे आकडे मात्र बेरजेत धरू नका. मोठ्या आकड्यावर फार तर पाचेक डेसिबल वाढतात.

आणि लावायची पद्धत. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवायचा. टोक बाहेर लोंबत असेल तर तो बसलेलाच नाही. भाचीला चष्मा आहे. जाड काडीमुळे मफच्या गादीखाली फट राहते, म्हणून दाजी, तिला पातळ काडीचा चष्मा करा आणि मफ तिच्या डोक्यावर बसवून बघूनच घ्या.

फायरिंगनंतर कुणाला एका कानाने कमी ऐकू येत असेल किंवा शिट्टी थांबत नसेल, तर तेल घालू नका. दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कारण औषधाने काही वाचणार असेल तर ते पहिल्या काही दिवसांतच.