चपला कुठे ठेवायच्या?

सिद्धिविनायक न्यासाने २०२५च्या जानेवारीत पेहरावाचे नियम जाहीर केले, तेव्हापासून तिकडे मुंबईत तोच वाद उगाळणं चाललंय. एक बाजू म्हणते, अशा अटी घातल्या तर क्रूझवरून उतरणारे परदेशी पाहुणे देवळाकडे फिरकणार नाहीत. दुसरी म्हणते, देऊळ काय प्रदर्शन आहे? नाही आले तर बरंच. बँकॉकमध्ये बसून हे ऐकताना एकच वाटतं: चाळीस माणसांची बस देवळाच्या दारात रिकामी कशी होते, हे यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.

इथल्या राजवाड्यात, म्हणजे पाचूच्या बुद्धाच्या आवारात, खांदे आणि गुडघे झाकलेलेच लागतात. तिकीट ५०० बात. तरी साडेआठला गर्दी असते ती असतेच. अट असल्याने कुणी परत जात नाही. अट दारात पोचल्यावर कळली तर माणूस वैतागतो. म्हणून गुडघ्यांची तपासणी बंदरावर, बसच्या पायरीशी व्हायला हवी. ते राहिलं की दोघंतिघं समोरच्या दुकानात हत्तीछाप विजारी घेत बसतात आणि उरलेले सदतीस पंधरा मिनिटं उन्हात.

ती पंधरा मिनिटं कुठून आणायची? मोठं जहाज ख्लोंग तोईपर्यंत, म्हणजे शहरातल्या बंदरापर्यंत, येतच नाही, नदीला तेवढी खोली नाही. ते लागतं लेम चबांगच्या बंदरात. तिथून मोटरवे ७ने सव्वाशे किलोमीटर, म्हणजे जाताना दोन तास आणि येताना शहराबाहेर पडतानाच्या बांगनाच्या कोंडीत अडीच. सकाळी आठला निघालेल्या बसने अडीचपर्यंत परतीला लागायलाच हवं. मधल्या साडेचार तासांत राजवाडा, जेवण, निजलेल्या बुद्धाचं देऊळ वाट फो आणि स्वच्छतागृहाच्या रांगा. ज्या सहलीत याच दिवशी दाम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार घातलाय, ती लिहिणाऱ्याने नकाशा उघडलेला नाही. तो बँकॉकच्या पलीकडे आणखी शंभर किलोमीटर. बाजारच हवा तर वाट फोपासून पायी गाठता येणारा पाक ख्लोंग तलात हा फूलबाजार घ्यावा. झेंडूचे ढीग आणि मोगऱ्याच्या माळा बघून दादरचा फूलबाजार आठवतोच, फक्त पायाखाली चिखल कमी. (हे मी दादरला तोंडावर म्हणणार नाही.)

वाट फोमध्ये शिकण्यासारखी गोष्ट ४६ मीटरच्या बुद्धापेक्षा दारातली कापडी पिशवी आहे. जोडे त्यात घालायचे, सोबत न्यायचे, दुसऱ्या दाराने बाहेर पडून घालायचे. आपल्याकडे चपलांचा स्टँड एका दाराशी, बाहेर पडायचं दुसऱ्याने, आणि मधे दुपारी तापलेली फरशी. सत्तरीतला पाहुणा कंटाळतो तो तिथे. त्याला धर्म आडवा येत नाही, तळवे येतात.

आणि मुंबईचं नशीब किती थोर! क्रूझ लागते त्या बॅलार्ड पिअरहून क्रॉफर्ड मार्केट जेमतेम दोन किलोमीटर. बाणगंगाही शहरातच. एवढं हाताशी असून सहल आखणारे आधी घारापुरी घालतात: बोट जाऊन-येऊन दोन तास, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, आणि जहाज सोमवारी लागलं तर लेणी बंद. त्या वाराचा वाद मात्र कुणी घालत नाही.

इथे गाइडचा परवाना फक्त थाई नागरिकाला मिळतो. तिकडे भूमिपुत्र शब्द निघाला की नाकं मुरडणारे आम्ही इथे तो कायदा निमूट पाळतो. राजवाड्यात थाई माणूस फुकट जातो. कितीही वर्षं राहिलो तरी माझे ५०० बात सुटत नाहीत, आणि हा अन्याय आहे असं मी कुणालाही पटवून देऊ शकतो. घारापुरीला परदेशी माणसाला ६००, मला ४०. तिथे मी चाळीसच्या खिडकीशी गुपचूप उभा राहतो.