वाटलेले पत्ते सोडायचे कशाला?

पोकरला बसायचं आणि दर डावाला पत्ते टाकून द्यायचे, याला काय अर्थ आहे? तुम्ही आलात खेळायला, लोकांचे डाव बघायला नाही. हे टाइट खेळणं (म्हणजे चांगले पत्ते आले तरच खेळायचं) वगैरे घाबरटांचे उद्योग, तुमच्यासारख्या दिलदार माणसाला ते शोभत नाही.

सत्ती-दुर्री आली, तीही वेगवेगळ्या रंगाची? लोक म्हणतात होल्डेममधला (म्हणजे हातात दोन पत्ते वाटतात त्या पोकरमधला) सगळ्यात भिकार हात. म्हणू दे, तुम्ही कॉल करा, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स लावा. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, एक्का, तिर्री, चौव्वी आली, म्हणजे झालंच की काम, आता फक्त पंजी आली की सिक्वेन्स! समोरच्याने भलीमोठी बेट लावली तरी कॉल. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, राजा येतो, तो अजून मोठी लावतो, तुम्ही चिप्सशी खेळत जरा विचार केल्यासारखं करायचं (विचार करायचा नाही, केल्यासारखं करायचं) आणि परत कॉल. न दिसलेले पत्ते 46, त्यात पंज्या 4. उरलेले 42 कोण मोजत बसतंय, आपण आशावादी माणसं.

दोन पत्ते एकाच रंगाचे असले तर मग बघायलाच नको. फ्लॉपवरच फ्लश (पाचही पत्ते एका रंगाचे) लागायचा चान्स 119 मध्ये साधारण एकदा, पण तो एकदा आजच नसेल कशावरून? आणि कोणी शहाणपणा शिकवलाच तर डॉयल ब्रन्सनचं नाव फेकायचं, गडी 1976 आणि 1977 असं लागोपाठ दोनदा पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट जिंकला आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात हातात दश्शी-दुर्री! तेव्हा समोर एकच माणूस उरला होता आणि तुमच्यासमोर आठ बसलेत, हे सांगायची काही गरज नाही.

ब्लफ मात्र माणूस बघून मारायचा. जो आजवर एकदाही फोल्ड करताना, म्हणजे पत्ते टाकताना दिसला नाही, बरोबर त्यालाच. कधीतरी सोडेलच ना बिचारा.

आता त्या टाइटवाल्याचं काय होतं बघा. तासभर मख्खासारखा फोल्ड, फोल्ड, फोल्ड. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांतून एकदा, ती एकदाची येते, हा पठ्ठ्या पाठ ताठ करून रेझ करतो, म्हणजे बेट वाढवतो, आणि अख्खं टेबल त्याचं तोंड बघून पत्ते टाकतं. कमाई काय, तर दोन ब्लाइंड, म्हणजे डावाआधी दोघांना लावाव्याच लागतात त्या चिप्स! तरी एक्के उलटे करून सगळ्यांना दाखवतो, कोणीतरी हळहळावं म्हणून. असं जगणं पाहिजे का तुम्हाला?

तेव्हा बिनधास्त खेळा. टेबल शोधायच्या भानगडीत पडू नका, आमच्याकडेच या, मी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवलीय. माझ्या उजव्या हाताची, म्हणजे आधी तुमची चाल होईल आणि मग माझी. आणि चिप्स जरा जास्तच घेऊन या.